वय बसत नाही

सोने, दुपारी तू पाय आपटत गेलीस ते मी पाहिलं. रांगेत वीस माणसं होती, पोर्टल लटकलेलं, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. आता शटर अर्धं ओढलंय. बस त्या खुर्चीवर. समोरच्याला दोन चहा सांगितलेत.

एका दिवसात तीनदा मी तुला तेच ऐकवलं. स्कूटीचं लायसन्स विचारलंस, वय बसत नाही. मतदार यादीत नाव, वय बसत नाही. लाडक्या बहिणीचा फॉर्म तर मला डिवचायलाच विचारलास, तिथंही बसत नाही. मग आधार कार्ड टेबलावर आपटून म्हणालीस, "अक्का, माझं वय नेमकं कशाला बसतं तेवढं सांग." रांगेतले म्हातारे हसले. त्यातल्या एकाला पंच्याहत्तरी पुरी व्हायला दोन महिने कमी पडतात म्हणून एसटीचा फुकट प्रवास मिळत नाही. तोही हसला.

मला नाही हसू आलं. बारा वर्षं झाली या खुर्चीवर. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन क्रिमिलेअर, सगळं करते, आणि दिवसातून दहा वेळा कुणाला ना कुणाला हे वाक्य सुनावते. तुझ्यासारखं उलटून कुणी विचारलं नव्हतं.

तूच हिशेब मांड. तू सतरा वर्षं चार महिन्यांची. नीटला चालतेस, प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सतरा पुरी झाली की झालं. पण गाडी अठराला. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीची बिनगियरची चालवता येते असं कायद्यात आहे, तसली गाडी मला तरी कुठल्या शोरूमात दिसली नाही. मतदानाला अठरा. सरपंच व्हायला एकवीस, आमदार-खासदार व्हायला पंचवीस, राज्यसभेला तीस. पोराला नवरदेव व्हायलाही एकवीस, म्हणजे आपल्याकडं सरपंच आणि नवरदेव एकाच वयात तयार होतात. अठराच्या पोरानं देशाचा पंतप्रधान ठरवावा, बायको ठरवायला मात्र अजून तीन वर्षं थांबावं. आणि लाडकी बहीण एकवीसला. अठरा ते एकवीस या तीन वर्षांत तू मतदार आहेस, पण बहीण नाहीस.

दारूचं विचारूच नको. महाराष्ट्रात पंचवीस, सौम्य बिअरला एकवीस, गोव्यात अठरा. धर्माबादच्या पुढं बासर आलं की तेलंगणा, तिथं एकवीस. लहानपणी आपल्याला पाटीपूजनाला नेलं होतं तेच बासर. उमरीला गाडीत बसायचं आणि तासाभरात चार वर्षांनी मोठं होऊन उतरायचं.

तुझ्या दादाचंच घे. २०२४च्या जूनमध्ये त्याला साडेसतरा पुरी झाली आणि अग्निवीरला त्याचं वय बसलं. तेव्हापासून पहाटे चारला रेल्वे गेटपासून धावतोय. जून २०२२मध्ये आलेली ती योजना: चार वर्षं नोकरी, मग शंभरातले पंचवीस आत, बाकीचे घरी. नोव्हेंबरच्या २० तारखेला मतदान, आणि याला अठरा पुरी होणार डिसेंबरात. आपल्याकडं त्या दिवशी बटणंही दोन होती, एक नायगाव विधानसभेचं, दुसरं नांदेड लोकसभेचं. एप्रिलमध्ये आपण मत दिलं, जूनमध्ये वसंतराव चव्हाण खासदार झाले, ऑगस्टमध्ये वारले, म्हणून पोटनिवडणूक लागली. दादा शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहून शाई लावलेली बोटं बघत होता. घरी येऊन जेवता जेवता म्हणाला, "गोळी खायला वय बसतं, बटण दाबायला बसत नाही." त्या पोटनिवडणुकीचा निकाल १,४५७ मतांनी लागला. महिन्या-दोन महिन्यांनी हुकलेली त्याच्यासारखी पोरं सहा विधानसभांत मिळून किती असतील, तूच मोज.

आणखी एक आहे, ज्यावरून मागं काकूंनी, तुझ्या आईनं, तुझ्याकडं डोळे वटारले होते आणि मी विषय बदलला होता. आज बदलत नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यानं सोळा ते अठरामधल्या मुलानं फार मोठा गुन्हा केला तर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. आपण काय करतोय ते याला कळत होतं का, हे मंडळ आधी तपासतं. आणि पोक्सो म्हणतो, अठराच्या आतल्या मुलीचा होकार हा होकार धरायचाच नाही. २०१२पर्यंत ती मर्यादा सोळा होती. तू म्हणालीस, "म्हणजे सोळाला खून करायची अक्कल येते आणि सतराला प्रेम करायची येत नाही?" बोलणं तिखट होतं, पण खोटं नव्हतं. २०२३मध्ये विधी आयोगानं सांगितलं, अठराच ठेवा. मलाही तसंच वाटतं, कारण 'तिची मर्जी होती' हे कोण म्हणतं आणि कुणाला वाचवायला म्हणतं ते मी पाहिलंय. पण वर्गातली दोघं एकमेकांना आवडली आणि पोरीच्या बापानं पोराला आत टाकायला हाच कायदा काढला, तेही पाहिलंय. माझं मन यात दोन्हीकडं ओढतं. तुझ्यापासून काय लपवायचं.

आता पुण्याचं आठव. १९ मे २०२४, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, दोन तरुण इंजिनीअर जागीच गेले. गाडीचं वय नव्हतं, दारूचं तर आठ वर्षं लांब होतं. पोलिसांचं म्हणणं, तो पबमधून पिऊन निघाला होता. सुरुवातीला जामीन मिळाला तो तीनशे शब्दांच्या निबंधावर. पुढं त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवा म्हणून पोलिसांनी अर्ज केला, तो मंडळानं २०२५च्या जुलैत फेटाळला. कायद्याच्या बाजूनं मंडळ चुकलं की बरोबर, त्यात मी शिरत नाही. मला त्यात दुसरंच दिसतं. त्या रात्री कुणीतरी खुर्चीत बसून "आधार दाखव" म्हणायला हवं होतं. मी इथं म्हणते ना, तसं. वयाची मर्यादा रांगेत उभं राहणाऱ्याला लागते, सोने. ज्याला रांगच नाही त्याला वय कोण विचारणार?

आणि हो, मैत्रिणीची स्कूटी घेऊन नांदेडला जायचं जे तुमचं शिजतंय, ते मला कळलंय. २०१९पासून अल्पवयीन पोरानं गाडी चालवली तर दंड पालकाला, २५,००० रुपये, तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते, आणि चालवणाऱ्याला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. काकांचं यंदाचं सोयाबीन आधीच पाण्यात गेलंय.

तू म्हणशील, हे सगळे आकडे कुणा शहाण्यानं ठरवले? कुणा एकानं ठरवलेच नाहीत. मीही आधी समजायचे की दिल्लीत एखादं कपाट असेल, त्यात सगळी वयं नीट मांडून ठेवली असतील. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करताना वाचलं तेव्हा कळलं, एकेक आकडा म्हणजे एकेक जुनं भांडण आहे.

रखमाबाईंचं नाव ऐकलंयस? मुंबईच्या. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं. पुढं नवऱ्यानं कोर्टात दावा लावला, ही नांदायला येत नाही. १८८७मध्ये कोर्टानं सांगितलं, जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाली, तुरुंग चालेल. शेवटी पैसे देऊन तडजोड झाली, आणि ती लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आली. तू नीटचं पुस्तक उशाशी घेऊन झोपतेस म्हणून सांगितलं. त्याच धामधुमीत १८९१चा संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीचं वय दहावरून बारावर गेलं. फक्त बारा! तरी केवढा गदारोळ. टिळकांनी विरोध केला, आमच्या घरात सरकारनं शिरू नये म्हणून. मग १९२९चा शारदा कायदा, मुलगी चौदा, मुलगा अठरा. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, इंग्रजांचा तो कायदा इथं लागूच नव्हता. मग १९७८मध्ये मुलगी अठरा, मुलगा एकवीस.

मतदानाचंही तसंच. आधी एकवीस होतं. राजीव गांधींच्या सरकारनं घटना दुरुस्त केली, १९८९पासून अठरा झालं, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांचं सरकार पडलं. आमचे बाबा त्या पहिल्या खेपेचे मतदार. कुणाला मत दिलं ते अजून आईला सांगितलेलं नाही.

बाबांचा वाढदिवस माहीत आहे ना? १ जून. मधल्या काकांचा १ जून. तुझ्या बाबांचाही १ जून. आजीला काय दर १ जूनला बाळंतपण होतं? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला हात धरून नेलं की मास्तर विचारायचे, कधीचा? आजी म्हणायची, मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीचा. मास्तरांनी टाकली १ जून. उमरी तालुक्यात चाळिशीच्या वरचा निम्मा गाव त्याच दिवशी जन्मलेला आहे, माझ्या कॉम्प्युटरमध्ये बघ.

माझाही १ जून. १ जून १९९०.

आता सांगते ते काकूंना माहीत आहे, तुला नाही. माझा खरा जन्म पोळ्याच्या करीचा. ऑगस्टातला. पहिलीला घालताना सहा पुरी दाखवायची म्हणून शाळेत मागची तारीख लागली. अडीच-पावणेतीन महिन्यांचा फरक, कुणाला काय त्याचं? माझं लग्न झालं ५ जून २००८ला. बारावीचा निकाल लागला होता, डी.एड.चा फॉर्म आणून पेटीत ठेवला होता. लग्नाच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी गावात कुजबुजलं, पोरगी लहान आहे म्हणून. बाबांनी टीसी काढून दाखवली. कागदावर अठरा वर्षं चार दिवस. सगळे गप्प. मलाही ते बरोबरच वाटलं, काय सांगू तुला. छापलेलं होतं ना. खरी मी सतरा वर्षं साडेनऊ महिन्यांची होते, आणि कायदा माझ्या बाजूनं नसून त्या तारखेच्या बाजूनं उभा होता. त्या लग्नात काकू नऊ महिन्यांच्या पोटुशा, खुर्चीवर बसून अक्षता टाकल्या. चारच दिवसांनी तू झालीस, नांदेडच्या दवाखान्यात. तुझी तारीख मात्र पक्की, ९ जून. तिच्यात मास्तरांचा हात नाही.

पेटीतला फॉर्म माझ्या सासूबाईंनी चुलीत घातला, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मीच घातला. पुढचं तुला माहीत आहे, मी परत कशी आले, हे केंद्र कसं टाकलं.

म्हणून मला तुझ्या रागाबद्दल एक बोलायचंय. तू सगळ्या आकड्यांवर एकसारखीच चिडतेस, तसं करू नको. यातले काही आकडे तुला बाहेर ठेवायला आहेत आणि काही तुझ्याभोवती काटेरी कुंपण घालायला. पंचविशीच्या आत विधानसभेत येऊ नको, हा पहिल्या जातीचा. त्यावर खुशाल भांड. नोकरीत अठ्ठावन्नला घरी पाठवणाऱ्या या राज्यात मंत्र्याला निवृत्तीचं वयच नाही, हेही विचार. पण लग्नाचं अठरा दुसऱ्या जातीचं आहे. आणि त्याची आपल्या लोकांनी काय गत केली बघ. कायदा म्हणतो, अठराच्या आत नको. आपल्याकडं ऐकू येतं, अठराला कर. खालची हद्द होती, तिची मुदत झाली, पिकविम्यासारखी. तारीख जवळ आली की घाई सुरू.

काकूंचं परवाचं बोलणं तू ऐकलंस म्हणून आज एवढी पेटलीस, हो ना? लायसन्स-बियसन्स निमित्त. "लोक चांगले आहेत, थांबायला तयार आहेत, जून उजाडला की अठरा होतेच." मला काकूंचाही राग येत नाही. आठवीपर्यंत शाळेची हमी, सहा ते चौदा, तो शिक्षणहक्काचा कायदा. लग्नाची बंदी अठरापर्यंत. मधल्या चार वर्षांत पोरगी कुठं ठेवायची, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. कुणी कापूस वेचते, कुणी आईबापामागं उसाच्या फडावर जाते, कुणी धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी राहते. मग बापाला वाटतं, एकदाची उजवून टाकावी. शेजारच्या परभणी जिल्ह्यात २०१९ ते २१च्या सरकारी पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांमागं अठ्ठेचाळीस जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. कायदा होऊन तेव्हा चाळीस वर्षं उलटली होती.

२०२१मध्ये दिल्लीत मुलींचंही एकवीस करायचं विधेयक आणलं होतं. ते समितीकडं गेलं, आणि २०२४मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. झालं असतं तर बरं झालं असतं का? मला शंका आहे. टीसीवर एकवीस करणारे मास्तर निघाले असते. मधल्या वर्षांत कॉलेजला जायला गाडी, वसतिगृह आणि फी मिळाली तर वय आपोआप वाढतं. ते मी इथं बसून दाखले काढता काढता पाहते.

मघाशी तू म्हणालीस, मत देऊन तरी काय उपयोग, सगळे सारखेच. २०२२मध्ये एक पक्ष फुटला, २०२३मध्ये दुसरा, आणि २०२४च्या फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्याचे अशोकराव काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले. बाबांनी त्या दिवशी टीव्ही बंद करून ओसरीवर जाऊन तंबाखू मळली, संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. बाबांचं सगळं आयुष्य अशोकरावांच्या वडिलांच्या, शंकररावांच्या पंजात गेलेलं. तुला ते हास्यास्पद वाटलं, मला वाईट वाटलं. आणि दिल्लीचं सोड, इथलं बघ. आपली जिल्हा परिषद मार्च २०२२मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक. तेव्हा अठराला पोचलेला पोरगा आज एकवीसचा झाला, उभं राहायला पात्र झाला, पण जिल्हा परिषदेला मत कसं देतात ते त्यानं अजून पाहिलेलं नाही. २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं खडसावलं तेव्हा कुठं हालचाल सुरू झाली. इथं पोरांचं वय बसत होतं, निवडणूकच बसत नव्हती.

याच उमरीत १९४८च्या जानेवारीत मुक्तिसंग्रामातल्या लोकांनी निजामाची बँक लुटून पैसा लढ्याला नेला. आजोबा ती गोष्ट प्रत्येक सतरा सप्टेंबरला सांगायचे, दर वर्षी रक्कम वाढवून. त्यातल्या कुणाला निघताना जन्मतारीख विचारली असेल असं मला वाटत नाही. तू बँक लुटू नको बाई, पण फॉर्म भर.

कुठला म्हणून काय विचारतेस? सहा नंबरचा. दुपारी मी तुला अर्धंच सांगितलं, रांग होती म्हणून. आता मतदार यादीसाठी वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. आणि सतरा पुरी झाली की आगाऊ अर्ज करता येतो. तुझा मी आत्ताच भरते, पुढच्या १ जुलैसाठी. म्हणजे एका गोष्टीला तरी तुझं वय बसलं. नाव आलं की ग्रामसभेत हात वर करायला तू मोकळी. पहिल्या सभेला मी येते सोबत, मागं बायका बसतात तिथं बसायचं नाही, पुढं सतरंजीवर बसायचं. तुमच्या वाडीहून सकाळच्या पहिल्या पिरियडला पोचेल अशी एसटी का नाही, एवढंच विचार. एकवीसला सरपंचकीचं बघू. सातवी पास लागते, निम्म्या जागा बायकांना आहेत, आणि तुझं तोंड तर आत्तापासूनच सरपंचाचं आहे.

रविवारचं बोलू. पाहुणे 'नुसतं बघायला' येणार आहेत, ते मला काकांनी सांगितलं. गावात बालविवाह थांबवायचा अधिकार ग्रामसेवकाला असतो, १०९८ला फोनही करता येतो, हे दोन्ही तुला पाठ असू दे, पण काकू-काकांवर ती वेळ आणायची नाही मला. मी तुझ्या जन्मदाखल्याच्या दोन झेरॉक्स काढल्यात. पाहुण्यांसमोर मीच म्हणेन, वय बसत नाही. बारा वर्षांची सवय आहे, आवाज कापणार नाही माझा. पण हे फक्त नऊ जूनपर्यंत चालेल, सोने. दहा तारखेला माझ्याकडं कागद नसेल. तेव्हा तुला वयाचं नाव न घेता बोलावं लागेल, काकांच्या डोळ्याला डोळा देऊन, आणि ते स्कूटी चालवण्याइतकं सोपं नाही. रात्री झोपताना म्हणून बघ, आरशासमोर नको, तिथं हसू येतं.

चहा गार झाला बघ बोलण्यात. आण ते आधार इकडं, फोटो काढू दे. केस नीट कर, मग तोच फोटो राहतो.

रविवारी मी दहाच्या आतच येते. पोहे मी करीन, तू आत अभ्यासाला बस.